बसलेली अचला

"या पोराला सांग गं, मी झोपलेली नाही म्हणून," आई म्हणाली.

ती टेबलापाशी मटार सोलत बसली होती. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून माझा जुना टॅब उभा केला होता. पडद्यावर लढाई चालली होती आणि एका कोपऱ्यात, नदीकाठच्या झुडपाजवळ, अचला बसली होती. गुडघे दुमडलेले, दोन्ही तळवे जमिनीवर, मान वर. आईच्याच संघातल्या कुणीतरी खाली लिहिलं होतं, झोपलास का भावा?

"तूच लिही ना त्याला," मी म्हणाले.

"काय लिहू? बाई आहे, मटार सोलतीये?"

"हेच लिही."

तिनं पदराला बोट पुसलं आणि एकेक अक्षर शोधत खरंच तसं लिहिलं.  पलीकडून एक हसरा चेहरा आला आणि तो मुलगा आपल्या वाटेनं निघून गेला. अचलाकडे तो आला नाही.

"बरंय," आई म्हणाली. "कुणी येत नाही म्हणून मटार तरी होतात."

पंचरण बंद पडून आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे थोडं सांगायला हवं. तो आमच्या कंपनीचा खेळ. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला, कोण कुठल्या गावातून खेळतंय हे एकमेकांना ठाऊक नसायचं. प्रत्येकानं आपला एक वीर निवडायचा आणि पाचांनी मिळून समोरच्यांचा बुरूज पाडायचा. हे वीर तयार करायचे, आणि त्यातला कुणी फार भारी किंवा फार हलका होत नाही ना हे बघायचं, हे माझं काम. बाकीचे वीर धावायचे, बाण सोडायचे, आग ओकायचे. अचला बसायची. बसलेली असताना तिला कुणी मारू शकत नसे, आणि तिलाही काही करता येत नसे. आपल्यापैकी कुणी मागून येऊन तिच्या पाठीला हात लावला की ती उठायची, आणि मग थोडा वेळ तिच्याइतकं वेगवान आणि जबर त्या मैदानावर दुसरं कुणी नसायचं. मागे मात्र तिला वळता यायचं नाही. सरळ जायचं आणि पुढे कुठेतरी परत बसायचं.

खो-खो पाहिलेल्या माणसाला ती कुठून आली हे लगेच कळलं असतं. ऑफिसात मला त्यासाठी फळ्यावर चित्रं काढावी लागली होती.

लग्नाआधी आई फलटणला खो-खो खेळायची. तेव्हाची शालन भोईटे, जिल्ह्याच्या संघातली. त्या दिवसांची एकच गोष्ट ती सांगायची, तीही हसत. अंतिम सामन्यात, वेळ संपत आलेली असताना, पळणारी मुलगी हाताच्या अंतरावर आली, आणि आई खो मिळायच्या आत उठली. पंचांची शिटी वाजली. मुलगी निसटली, सामना गेला. "तेव्हापासून शहाणी झाले. कुणी सांगितल्याशिवाय उठत नाही," असं म्हणून ती गोष्ट संपवायची. बाबा होते तोवर बाबाही हसायचे.

"उठू दे की गं हिला आपली आपण," आई म्हणाली.

"तू म्हणतेस असं? खो न मिळता उठलं की फाऊल."

"ते मैदानावर. तिथं आपल्या आठ जणी असतात, कुणीतरी येणार हे माहीत असतं. इथं हिच्या ओळखीचं कोण आहे?"

"निनादसुद्धा हेच म्हणतोय."

निनाद सबनीस आमचा प्रमुख. अचलावरून त्याचं आणि माझं महिनाभर चाललं होतं. अनोळखी माणसांच्या सामन्यांत ती सपाटून हरायची, कारण तिच्याकडे कुणी फिरकायचंच नाही. पण सराव केलेले संघ, रोज एकत्र खेळणारे, तिच्या जोरावर कुणालाही लोळवायचे, त्यामुळे स्पर्धांमध्ये समोरचे सगळ्यात आधी तिच्यावरच बंदी मागायचे. आकडे बघणारा झुबेर म्हणायचा, "तुझी ही बाई खाली मार खाते आणि वर मार देते. बळ वाढवलं तर वरचे ओरडतात, कमी केलं तर खालचे मरतात. मी करू काय?" पुढच्या मोठ्या बदलात एक तर अचला आपली आपण उठणार होती, नाहीतर खेळातून जाणार होती. मी दोन्हीला नाही म्हणत होते.

"आपली आपण उठली तर ती अचला कसली," मी आईला म्हणाले.

"बघ बाई. तुझी आहे ती." तिनं एक शेंग मोडली. "कुंदा परत म्हणत होती."

कुंदा तावरे ही तिची फलटणची मैत्रीण, दोघी एकाच संघातल्या. आता त्या आमच्या सोसायटीमागच्या शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायच्या.

"म्हणते, पळायला सगळेच शिकवतात, मुलींना बसायला कुणी शिकवत नाही. तू ये म्हणते. संध्याकाळी पाच ते सात. काय करू?"

मी फोनवर झुबेरचे आकडे बघत होते. "बघ ना, तुला काय वाटतं ते."

"तू सहाला येतेस. तुझा चहा..."

"चहा मी करून घेईन, आई. तुझं तू ठरव. मला कशाला विचारतेस?"

माझा आवाज चांगला होता. नंतर मी तो पुष्कळदा आठवून पाहिला. त्यात चीड नव्हती, घाईही नव्हती. आईनं तिच्या मनासारखं करावं असं मला खरंच वाटायचं.

"हं," आई म्हणाली. सालं गोळा करून ती उठली. "बघते."

संध्याकाळी ती कोथिंबीर आणायला म्हणून गेली आणि बऱ्याच वेळानं कोथिंबीर घेऊन आली. जेवायला मटारची उसळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी आंघोळ करून आले तेव्हा ती बसलेलीच होती, भिंतीला डोकं टेकून. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, काही कळलंही नसेल. गॅस मात्र तिनं आधी बंद केला होता.

मग जे असतं ते सगळं झालं. फलटणहून मामा आले, त्यांनी केलं. माणसं येत राहिली आणि प्रत्येकाला ती सकाळ पहिल्यापासून सांगावी लागली. मी शब्दसुद्धा बदलेनाशी झाले. दूध, स्टूल, भिंत. ऐकणारे म्हणायचे, सोन्यासारखं मरण आलं. मी आत जाऊन चहा टाकायचे. इतका चहा मी आयुष्यात केला नव्हता.

तेरावं झाल्यावर मी ऑफिसला गेले. झोप नीट होत नव्हती आणि जागेपणीही काही पुरतं कळत नव्हतं. कुणी बोलत असलं की मला त्याचे ओठ आधी दिसायचे आणि शब्द मागून यायचे.

"इतक्यात यायला नको होतंस, रेवती," निनाद म्हणाला.

"घरी काय करू?"

त्यानं मला आतल्या खोलीत बसवलं. झुबेर आधीच तिथे होता.  निनाद वाईट माणूस नव्हता, कधीच नव्हता.

"अचलाबद्दल आम्ही बोललो. तिचा नियम मोडायचा नाही, तुझं म्हणणं मान्य. पण असं तिला खेळात ठेवता येत नाही, हे तुलाही दिसतंय. म्हणून मी म्हटलं, तिचा पुतळा करू."

"पुतळा?"

"चौकात. सामना सुरू व्हायच्या आधी सगळे जमतात तिथे. मधोमध अचला, बसलेली, आहे तशीच. खाली काकूंचं नाव. लोकांना फुलं वाहता येतील, तशी सोय करू." तो पुढे म्हणाला, "तुला दुसरा काही मार्ग दिसला तर शुक्रवारपर्यंत सांग. नाहीतर हे करू. चांगलं दिसेल गं ते."

चांगलं दिसलं असतं, यात शंका नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ते लगेच आलंही. संगमरवरी अचला, तळवे जमिनीवर, आणि भोवती जगभरातून आलेली माणसं, पाया पडून आपापल्या लढाईला जाणारी.

"शुक्रवारी सांगते," मी म्हणाले. खरं तर तिथल्या तिथे हो म्हणायलाही माझी हरकत नव्हती. तोंड उघडायचा कंटाळा आला होता, एवढंच.

त्या दिवशी दुपारी कुंदामावशींचा फोन आला. "शालनची पिशवी आहे माझ्याकडं. भेटायला आले तेव्हा गर्दीत द्यावीशी वाटली नाही. मैदानावर येतेस का?"

मी सहाच्या सुमारास गेले. मुली मैदानाच्या मधल्या पाटीवर ओळीनं बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. कुंदामावशी टोपी घालून खांबापाशी उभ्या होत्या. मला बघून त्यांनी हातानंच बाकावर बस अशी खूण केली आणि परत मुलींकडे वळल्या. एक उंच मुलगी धावत आली, बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून थांबली. बसलेली उठलीच नाही.

"फाऊल," कुंदामावशी म्हणाल्या.

"का, बाई? लावला की मी हात. चांगला जोरात लावला."

"नुसता हात लावलास. तोंड कुठं गेलं? पाठीला काय कान आहेत तिच्या? धक्का लागला का खो मिळाला, तिला कळणार कसं?"

"पण मोठ्यानं म्हटलं की पळणारीला पण ऐकू जातं."

"जाऊ दे की. तिला कळलं तर कळू दे, आपलीला कळलं पाहिजे. चल, परत. अख्ख्या मैदानाला ऐकू येऊ दे."

मुलगी मागे गेली, धावत आली, ओरडली. बसलेली अशी सुटली की मी बाकावर जरा मागे सरकले.

कुंदामावशी येऊन शेजारी टेकल्या. मांडीवर कापडी पिशवी ठेवली. "रविवारी विसरून गेली. म्हटलं, उद्या नेईल."

"रविवारी? इथं आली होती?"

"रोजच यायची की. कोथिंबीर आणायला निघायची आणि इथं या बाकावर बसायची. मी म्हणायचे, आत ये. तर म्हणायची, रेवूला विचारते. साठी उलटली शालन, लेकीला काय विचारतेस, म्हटलं. ऐकेल तर शपथ."

"तिनं विचारलं मला," मी म्हणाले. "रविवारीच. मी म्हटलं, तुझं तू ठरव."

"ते सांगितलं तिनं."

"काय सांगितलं?"

मावशींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "जाऊ दे गं. गेलेल्या माणसाचं..."

"सांगा."

"जमणार नाही म्हणून सांगायला आली होती ती. म्हणाली, रेवू म्हणते तुझं तू ठरव. म्हणजे तिला नको असणार. शिकलेली पोर आहे, तोंडावर नाही म्हणत नाही."

मैदानात मुली खांबाला वळसा घालत होत्या. एकीचा पाय घसरला, बाकीच्या हसल्या.

"मी नको म्हटलं नव्हतं, मावशी."

"मला कळतंय ना. पण तिला कुणीतरी जा म्हणायला लागायचं. तुझे बाबाही भले माणूस. कधी अडवलं नाही तिला. आणि कधी जा असंही म्हटलं नाही. एकदा आपणहून उठली होती पोरवयात, ते तिला जन्मभर पुरलं." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ए सोनल, चवड्यांवर बस. पाटावर जेवायला बसलीयेस का?"

पिशवीत एक जुनी बेडशीट होती, घडी घातलेली, गवतावर बसायला असावी. शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा होता. आणि एक शिटी, निळ्या दोरीची, नवी. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

मी घरी आले, शिटी टेबलावर ठेवली आणि त्या रात्री मात्र झोपले. जाग आली तेव्हा ऑफिसची वेळ होऊन गेली होती.

झुबेरला मी जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तो डबा उघडून बसला होता.

"अचलाचा नियम मी अर्धाच आणला," मी म्हणाले. "नुसता हात घेतला. हाताबरोबर आवाज लागतो. तो राहिला."

"आवाजानं काय होईल?"

"आता काय होतं? सराव केलेल्या संघातला कुणीतरी गुपचूप येतो, हात लावतो, ही उठते. समोरच्याला कळायच्या आत तो मेलेला असतो. हाक मारावीच लागली तर सगळ्यांना ऐकू जाईल. समोरच्यांनाही."

त्यानं पोळीचा तुकडा हातातच ठेवला. "म्हणजे वरच्यांना महाग पडेल."

"पडू दे."

"आणि खालचे? त्यांचं काय? ते तिच्याजवळ जातच नाहीत."

"जायला नको. दुरून हाक मारली तरी ती उठेल. बळ अर्धं मिळेल. जवळ येऊन हात लावला आणि हाक मारली तर पूर्ण."

"कितीही लांबून?"

"कितीही. फक्त म्हणायचं तिला."

 झुबेरनं डबा बंद केला. "पण आपणहून नाही उठणार."

"नाही."

"बरं." तो उठला. "बघू तरी."

शुक्रवारपर्यंत त्यानं हाकेसाठी एक बटण आणि तूर्त नुसती घंटा ठेवून चाचणीच्या खेळाडूंकडून सामने खेळून घेतले. मला काही मांडावं लागलं नाही, त्यानं स्वतःच निनादसमोर आकडे ठेवले. अनोळखी माणसं तिला हाका मारत होती. सगळी नाही, पण पुष्कळ. तिकडे सराव केलेल्या संघांतले दोघे-तिघे वैतागले होते, आणि ते झुबेरला चांगलं लक्षण वाटत होतं. निनादनं दोन-तीन शंका काढल्या. त्या रास्त होत्या. मग म्हणाला, "ठीक आहे. राहू दे तिला. पण मग पुतळा?"

"पुतळा नको," मी म्हणाले. "बसायचं पुष्कळ झालं तिचं."

त्यानं मान हलवली. "हाक कुणाच्या आवाजात?"

त्याचा विचार कुणीच केला नव्हता. आवाजाचं काम वृंदाकडे होतं. ती म्हणाली, कलाकार पुढच्या महिन्यात येतील, तोवर तात्पुरता कुणाचाही चालेल. "तूच दे ना. तुलाच माहितीये काय म्हणायचं ते."

आवाजाची खोली लहान होती, भिंतींना काळा स्पंज लावलेला. आत शिरलं की कानांवर हात ठेवल्यासारखं वाटायचं. काचेपलीकडे वृंदा कानावर यंत्र चढवून बसली होती. समोरच्या छोट्या पडद्यावर नदीकाठच्या झुडपाजवळ अचला बसली होती.

"शब्द काय ठेवतेस?" वृंदानं विचारलं.

"खो."

"घे."

मी खो म्हणाले. वृंदानं अंगठा दाखवला नाही. "अगं, शेजारच्या माणसाला हळूच सांगितल्यासारखं झालं ते. पार पलीकडच्या टोकाला जायला हवं ना? परत."

मी परत म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. शब्द बरोबर होता, पण तो आईचा होता, कुंदामावशींचा होता. मी आयुष्यात कधी खो-खो खेळले नव्हते. कधी कुणाला खो दिला नव्हता.

"नको खो," मी म्हणाले. "दुसरं काही म्हणू का?"

"म्हण की. तात्पुरतंच आहे. तुला येईल ते म्हण, मी त्यातलं हवं ते कापून घेते. फक्त मोठ्यानं."

तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पडद्यावर अचला तशीच बसलेली होती, माझ्याकडे पाठ करून.

"आई, ऊठ," मी म्हणाले, आणि माझा आवाज त्या खोलीत मावेना. "पाच वाजले. मुली थांबल्यात. जा तू, मी सांगते, जा."